यादविगाच्या बाळंतपणासंबंधी अर्ज

यादविगाने ईस्टरच्या आदल्या शनिवारी, भर दुपारी, चौदा अंडी घातली. आई आणि अंडी सुखरूप आहेत.

आता हे विसरा. असं काही घडलेलंच नाही. राडोम शहरातल्या एका पाचमजली इमारतीत, गृहसंस्थेच्या दप्तराप्रमाणे, अंडी घालणारं कुणीही राहत नाही. आणि जे दप्तरात नाही ते घडलं म्हणणं चारचौघांत बरं दिसत नाही. तेव्हा आपण बुधवारवर येऊ. बुधवारी यादविगा अजून अवघडलेलीच होती.

यादविगा ही बोगुमिल व्झोसेकची सापीण. नारिंगी, बिनविषारी, सव्वा मीटर लांब, पहिलटकरीण. बोगुमिल चौथ्या मजल्यावर एकटाच राहायचा आणि पोटासाठी चष्म्याच्या काचा घासायचा. नऊ दिवसांपूर्वी यादविगाने कात टाकली, तेव्हा प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आता दहा-बारा दिवसांत मोकळी होईल. तोवर ऊब हवी, ओल हवी, आणि कुणी हात लावायचा नाही. घाबरली किंवा गारठली, तर अंडी आतच अडकतील. मग माझ्याही हातात फारसं काही राहणार नाही." शेवटचं वाक्य त्यांनी टेबलाकडे बघत उच्चारलं होतं.

त्या वाक्यापासून बोगुमिल जेवत नव्हता. यादविगाही जेवत नव्हती, पण निदान तिचं न जेवणं शास्त्राला धरून होतं.

त्याने तिच्यासाठी बाळंतिणीची खोली केली. आइस्क्रीमचा रिकामा डबा, झाकणाला भोक, आत ओलं शेवाळ. डबा रिकामा म्हणजे काय, त्यात आईने दिलेला तीन वर्षांपूर्वीचा गोठवलेला शेपू होता. आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम निघालं असं त्या इमारतीत कधी झालं नव्हतं. यादविगाने भोकातून एकदा डोकं घातलं, आणि स्थळ पसंत नसलेल्या मुलीसारखं ते काढून घेतलं.

बुधवारी सकाळी पाणी फवारल्यावर बोगुमिल काचपेटीचं झाकण लावायला विसरला. हातात टॉवेल घेऊन तो परत आला तेव्हा पेटी रिकामी होती. घर तापवणाऱ्या रेडिएटरचा नळ जमिनीतून खाली जातो तिथली फट मात्र त्याला प्रथमच एवढी मोठी वाटली.

तेवढ्यात तोच नळ ठणठणू लागला. खालच्या मजल्यावरच्या गेनोवेफाकाकू पळी आपटत होत्या.

"बोगुमिल! तुझा पट्टा माझ्या अळीवात पडलाय!"

पळी पुन्हा दोनदा आपटली.

"बोगुमिल! पट्टा जीभ काढतोय!"

तो चपला न घालताच खाली धावला. ईस्टर आला की घरोघरी खिडकीत, रेडिएटरच्या वर, ओल्या कापसावर अळीव पेरतात आणि मधोमध साखरेचं कोकरू ठेवतात. काकूंचा ट्रे इमारतीत सर्वांत मोठा. यादविगा कोकराला दोन वेढे घालून, हनुवटी त्याच्या पाठीवर टेकवून पहुडली होती. मऊ, ओलं, खालून ऊब. अळीव आणि बाळंतीण यांचं नातं तिला कुणी सांगितलं, देव जाणे.

"उचल तिला," काकू म्हणाल्या.

"उचलता येणार नाही काकू. दोन जीवांची आहे."

"दोन?"

"पंधराएक."

काकू खुर्चीत बसल्या. मग एकदम दबक्या आवाजात म्हणाल्या, "आधी सांगायला तुझी जीभ झिजत होती का रे, गाढवा? मी तिला म्हटलं, चल नीघ इथून! पोटुशीला नाही म्हटलं मी! आता उंदीर लागणार घराला."

हे खरंच होतं. पोटुशीला नाही म्हटलं की उंदीर घर कुरतडतात, हे तिथलं लहान पोरही सांगेल.

"काकू, पण ती साप आहे. उंदीर तीच खाते."

"सध्या खाते?"

"नाही. पोटात जागा नाही."

"मग?"

बोगुमिलने दुसरी खुर्ची ओढली. यादविगाचं बाळंतपण तिथेच करायचं ठरलं. काकू घरात चवड्यांवर चालू लागल्या, टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या बघू लागल्या. "ईस्टरच्या अंड्यांवर अळीव कुठून घालू आता?" असं त्या एकदा पुटपुटल्या, पण लगेच यादविगाकडे बघून "तू खा हो," म्हणाल्या.

दुपारी जिन्यात सूचना लागली: गुरुवारी बारा वाजल्यापासून हीटिंग बंद. बाहेर चार अंश होते. गुरुवारी बाराच्या ठोक्याला बोगुमिलने वरून विजेचा हीटर आणून लावला. काकूंच्या भिंतीतल्या तारांनी एक निळी ठिणगी टाकली आणि फ्रीजसकट सगळं गप्प झालं. त्याने ट्रेकडे पाहिलं. यादविगाची शेपटी किंचित थरथरत होती.

त्याने गृहसंस्थेच्या कचेरीत फोन केला.

"गरज कुणाला आहे?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"यादविगाला."

"मग तिनेच लेखी द्यायला हवं. दुसऱ्याच्या नावाने आम्ही घेत नाही."

बोगुमिलने कागद घेतला. काकूंनी एकेक शब्द तपासला आणि "हुजूर" तीनदा घालायला लावलं.

"माननीय अध्यक्ष हुजूर,

मी, यादविगा, मुक्काम तिसरा मजला (तात्पुरता), आपणास नम्र विनंती करते की, माझी प्रसूती होईपर्यंत या घराच्या खिडकीखालील रेडिएटर, तोही संपूर्ण नव्हे, डावीकडच्या तीनच फासळ्या, कोमट ठेवाव्यात. श्रीमती गेनोवेफा दर दोन तासांनी गरम पाण्याच्या बाटल्या बदलत आहेत, परंतु त्यांचे वय चौऱ्याहत्तर आहे. मी पोटुशी आहे, हे हुजुरांनी लक्षात घ्यावे. विनंती नाकारल्यास कचेरीस उंदरांचा जो उपद्रव होईल, त्याच्या निवारणासाठी, प्रकृतीच्या कारणास्तव, मला पुढील दोन आठवडे बोलावण्यात येऊ नये. सही करता येत नसल्याने कापसावर उमटलेला शेपटीचा ठसा ग्राह्य धरावा. तो पाहण्यासाठी हुजुरांनी स्वतः यावे, चपला बाहेर काढाव्यात, आणि हात लावू नये."