वन्हीचा चेहरा

चित्रातल्या डाव्या डोळ्याखाली कागदाला लव आली होती. पाच वेळा खोडल्यावर येणारच – आता इथे रंग लावला की फुटणार, हे क्षिप्राला कळत होतं, तरी बोट पुन्हा पुन्हा त्याच जागी फिरत होतं.

'सात खाड्यांचं राज्य' या अद्भुत कादंबरीमालेतल्या स्त्रियांचं चित्रपुस्तक निघणार होतं. बावीसपैकी एकवीस जणी काढून झाल्या होत्या. उरली होती वन्ही – पोरीला नावाड्याच्या हवाली करून लढाईला जाणारी. आज संध्याकाळपर्यंत ती पाठवायची होती, आणि लेखिकेने बजावलं होतं, चेहऱ्यावर पश्चात्ताप नको. पण हातातून दुसरं काही उतरतच नव्हतं.

हे काम घेतलं ते केसरसाठी. तेरा वर्षांची केसर पनवेलला बापाजवळ, देवव्रतजवळ राहायची. तिने सगळे भाग चार-चारदा वाचले होते. निदान यावर तरी ती आपल्याशी बोलेल... रविवारी फोनवर बोलली.

"आई, वन्ही तू काढतेयस?"

"हो. दाखवू?"

"लढाई तर चौथ्या भागातच संपते. मग ती परत का येत नाही?"

"लेखिकेला विचारायला हवं."

"मी तुला विचारतेय."

दोन वर्षांपूर्वी दादांना, तिच्या वडिलांना, अर्धांगवायू झाला म्हणून महिन्याभरासाठी क्षिप्रा माहेरी बोर्ली पंचतनला आली होती. दादा गेल्या वर्षीच्या माघात गेले. मग त्यांचं वर्षश्राद्ध, मग वाडीची सुपारी, मग सातबाऱ्यावरची नावं – प्रत्येक कारण खरं होतं, आणि एकाही कारणासाठी मी इथे राहिले नाही.

तिने नवा कागद ताणून बसवला. निघतानाचा पनवेलचा स्टँड आठवला. एसटीच्या खिडकीखाली देवव्रतचा हात धरून उभी असलेली केसर... आपण रडत होतो, असं क्षिप्रा आजवर स्वतःला सांगत आली होती. पण माणगाव यायच्या आधीच आपण झोपलो होतो. कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी गाढ झोप. म्हसळ्याला जाग आली तेव्हा वारा तोंडावर येत होता, आणि मनात पहिल्यांदा आलं ते केसरचं नाव नव्हतंच. मनात काहीच नव्हतं, नुसतं मोकळं...

पेन्सिल थांबली तेव्हा दुपार कलली होती. घरकामाला येणाऱ्या नीराबाई झाकलेलं ताट बघून आत आल्या.

"ताई, जेवलात न्हाय अजून?" मग कागदाकडे बघत राहिल्या. "ही बाई रडली न्हाय."

"नाही. का?"

"सुटल्यावानी दिसते."

त्या भांडी घासायला मागीलदारी गेल्या. क्षिप्राने तो चेहरा खोडायला रबर उचललं. तेवढ्यात फोनवर केसरचा निरोप आला : वन्ही झाली?

क्षिप्राने चित्राचा फोटो काढला. पाठवायच्या खुणेवर अंगठा तसाच राहिला. दोन वर्षं तिला एकच धास्ती होती – पोर आपला चेहरा विसरेल. आता भीती वाटली ती उलटी – या सुटलेल्या चेहऱ्यात पोर आपल्याला ओळखेल. ओळखेल, आणि पुन्हा कधी काही विचारणार नाही. आणि त्या भीतीच्या तळाशी, लाज वाटावी इतकी उघडी, एक हाव होती : कुणीतरी एकदा ओळखावं मला... आणि ते तिनेच.