गुलाबी अंड्यांची खूण

पैज लावा, हे कुणाला खरं वाटणार नाही: वान खे धक्क्याच्या थोमबाईंनी एकदा अख्खा चुनखडीचा डोंगर चार बोटं वर उचलला. तोही उताणं झोपून. हसा, चहा गार व्हायच्या आत हसून घ्या.

धक्क्यावर तेव्हा एकशे वीस नावा होत्या आणि वल्हवणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका. मागे रेलून, दोन्ही पायांनी वल्ही ढकलत त्या प्रवाशांना गुहेतून पलीकडच्या देवळापर्यंत नेत. कुणाचा नंबर कधी, गुहा उघडी की बंद, हे प्रमुख म्हणून थोमबाई ठरवत. त्यांचं मोजमाप साधं होतं. गुहेच्या तोंडाशी खडकावर गोगलगाई गुलाबी अंड्यांचे घोस घालतात, नेहमी पाण्याच्या वर. त्या अंड्यांना पाणी टेकलं, की त्या दिवशी गुहा बंद.

तिकीट खिडकीवरच्या तोआनला ही खुर्ची हवी होती. (आता तो दक्षिणेत कुठेतरी असतो, त्याची चौकशी नको.) त्याने छपराची मोटरलाँच आणवली. शहरातून पर्यटन खात्याचे पाहुणे येणार होते. त्यांना लाँच आवडली, की प्रमुखपद तोआनचं आणि वल्हवणाऱ्या बायका घरी.

पाहुण्यांसाठी तोआनने आदल्या दिवशी धक्का झाडला, कंदील टांगले आणि गुहेचं तोंडही घासून लख्ख केलं. या गोगलगाई भाताची रोपं खातात, म्हणून खाचरात ती गुलाबी अंडी दिसली की चिरडायची, ही इथल्या प्रत्येकाच्या हाताला लहानपणापासूनची सवय. त्याने विचारही केला नाही.

सकाळी थोमबाई खडकासमोर नाव थांबवून कितीतरी वेळ बसल्या.

"तोआन, अंडी कुठायत?"

"घाण होती ती, थोमताई. पाहुणे काय म्हणतील?"

"वरच्या डोंगरात पाऊस झालाय. आज गुहा बंद."

"कशावरून?"

थोमबाईंचं बोट सवयीने खडकाकडे गेलं, पण दाखवायला खडकावर काही उरलंच नव्हतं.

"नऊ वर्षं गोगलगाईंना विचारून धक्का चालवलात," तोआन पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "आता जरा इंजिनाला विचारू या."

पाहुणे हसले. त्याला फार बरं वाटलं. बारा जणांना घेऊन तो आत शिरला.

निम्म्या वाटेवर छपराचा लोखंडी सांगाडा वरच्या खडकाला घासला, करकरला आणि अडकला. इंजिनाने धूर ओकून मान टाकली. पाणी चढतच होतं, त्यामुळे लाँच खडकात आणखी घट्ट रुतत होती. एक जाडे साहेब वटवाघळांना घाबरून आईला हाका मारायला लागले. तोआन इंजिनाची दोरी पुन्हा पुन्हा ओढत राहिला. इतकी वर्षं तो या गुहेची तिकिटं फाडत आला होता, पण पावसाळ्यात एकदाही आत आला नव्हता. लाँचच्या काठावरून आत आलेलं पाणी घोट्यापर्यंत चढलं तेव्हा त्याला तो घासलेला खडक आठवला आणि स्वतःच्या हातांकडे बघवेना.

मग डोक्यावर आवाज आला. दगडावर अनवाणी तळवे पडत होते, थप, थप, थप.

थोमबाई नावेत उताण्या पडून, गुहेच्या छताला पाय लावून, छतावरून चालत येत होत्या! लाँचला नाव टेकवून त्यांनी तोआनकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही तळवे खडकाला लावले आणि म्हणाल्या, "आजोबा, पाहुणे आलेत. जरा अंग उचला." डोंगराने एक खोल श्वास घेतला आणि उचलला की हो, चार बोटं! लाँच सुटली, थोमबाईंनी ती पायाच्या अंगठ्याला दोर बांधून बाहेर ओढली आणि पाहुण्यांनी तिथल्या तिथे—

"थांब, थांब." चहाच्या टपरीमागून नंबरांची वही काखेत मारून एक म्हातारी पुढे आली. "डोंगर कसला उचलतोय? मी ओरडले, वजन वाढवा. मागून आलेल्या सहा जणी आणि मी, सातही जणी त्या लाँचमध्ये चढून बसलो, तेव्हा ती चार बोटं खाली गेली. त्या सहांची नावं गिळलीस होय रे? आणि तोआनला तो खडक आठवला, त्याला हातांकडे बघवेना, हे तुला कुणी सांगितलं? दक्षिणेत म्हणे! अरे तोआन, पेला ठेव खाली. तुझ्या नावेचा नंबर लागलाय, माणसं खोळंबलीत. आणि जाताना आधी अंडी बघ."