बारा ऑक्टोबरचा ठिपका

ती बातमी आली तेव्हा मी माझ्या नेहमीच्या जागी होते, म्हणजे संडासाच्या दाराला, आतल्या बाजूनं, खिळ्यावर टांगलेली. गुरुवार होता. जुने कागद गोळा करणारी नगरपालिकेची गाडी गल्लीतून नुकतीच गेली होती आणि योरीन रिकामा डबा घरात ओढून आणत होती. बोळातला फोन वाजला.

"हो, सूनच बोलतेय," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "सायकलला कुलूप लावलं होतं का त्यांनी?"

का विचारलं, तिचं तिलाच माहीत. फोन ठेवून ती आत आली, झाकण पाडून त्यावर बसली. दार उघडंच होतं. बातमी अशी: तिची सासू दीनेके बाजारातून आली, मागच्या शेडमध्ये सायकल ठेवली आणि तिथंच कोसळून वारली. शेजारणीला ती सापडली. एकाहत्तर वर्षांची होती.

थोड्या वेळानं योरीन उठली, कोट चढवला आणि वाउटरला शाळेतून आणायला गेली. वाउटर तिचा नवरा, दीनेकेचा एकुलता एक मुलगा, सात-आठ वर्षांच्या पोरांना शिकवतो. कागदाचा डबा बोळाच्या मधोमध तसाच राहिला.

मी या घरातली वाढदिवसांची दिनदर्शिका. माझ्यावर वार नाहीत, सालही नाही. नुसते महिने आणि तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढं एक रेघ. एकदा नावं लिहिली की मी जन्मभर चालते. आमच्या देशात घरोघरी माझ्यासारखी एक असते, आणि संडासातच असते. तिथं माणूस एकटा बसतो, हाताला काम नसतं, मग डोळे माझ्याकडे वळतात आणि मावसबहिणीला कार्ड पाठवायचं राहिलंय हे आठवतं.

माझा जन्म आयसेल नदीकाठच्या एका लहान छापखान्यात झाला. दर महिन्याच्या पानावर एका भाजीचं किंवा फळाचं चित्र. सप्टेंबरला नासपती, ऑक्टोबरला लाल भोपळा. योरीन आणि वाउटरनं हे घर घेतलं तेव्हा दीनेकेनं मला विकत आणलं आणि दोन दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून निळ्या शाईनं अख्खं गोत माझ्यावर लिहिलं. मेलेल्यांची नावंही लिहिली आणि त्यांच्यापुढं बारीक क्रूस काढला. वाउटर म्हणाला, "आई, गेलेल्यांना कशाला?" ती म्हणाली, "मेला म्हणून काय जन्माला आला नव्हता?" बारा ऑक्टोबरला तिचा थोरला भाऊ हार्म, क्रूसासकट. तीस ऑक्टोबरला ती स्वतः.

मला जे कळतं ते दाराआडून. म्हणून या दोघांनी मूल हवं असं कधी आणि का ठरवलं, ते मला सांगता येणार नाही. तो निर्णय बहुधा बागेत झाला. मला एवढं ठाऊक आहे की योरीन अकरा वर्षं दर तीन महिन्यांनी मूल न होण्याचं इंजेक्शन घेत होती. ती कालव्यावरचे पूल उघडते, मिटवते. आज पहाटेची ड्युटी, उद्या संध्याकाळची. गोळीची वेळ तिच्यानं पाळली गेली नसती. त्या इंजेक्शनानं तिची पाळीच थांबली होती आणि ते तिला सोयीचं वाटायचं. छत्तिसाव्या वर्षी एका जानेवारीत तिनं शेवटचं इंजेक्शन घेतलं. एप्रिलचं घेतलं नाही.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिनं आत बसून, दाराबाहेरच्या वाउटरला सांगितलं. शरीराला अकरा वर्षं झोपवलंय, ते काही गजर लावून उठणार नाही. वर्षही लागेल, आणि लागलं तर त्यात बिघडलं काही नाही.

"मग तोवर मी काय करायचं?" वाउटरनं विचारलं.

"तू जागा राहा, म्हणजे झालं."

दोघं हसली. तेव्हा हसणं सोपं होतं.

मे गेला, जून गेला. ज्या गोष्टीला बायका नावं ठेवतात तिची ती वाट पाहत होती. एक सप्टेंबरला सकाळी आतून ती ओरडली, "वाउटर, आली!" तो हातात सोललेला बटाटा घेऊन दाराशी धावला. "कोण आलं?" "पाळी." त्या दिवशी त्यांनी जेवणाबरोबर वाइनची बाटली उघडली. त्याआधी योरीननं कानामागची पेन्सिल काढून माझ्या एक सप्टेंबरच्या रेघेवर एक ठिपका दिला. इतका बारीक, की कुणाच्या लक्षात येणार नाही असं तिला वाटलं.

पुढचा ठिपका एकेचाळीस दिवसांनी, बारा ऑक्टोबरला पडला. हार्मच्या नावापुढं, क्रूसाला अगदी चिकटून.

नऊ नोव्हेंबर वाउटरचा वाढदिवस. दिवाणखान्यात खुर्च्या गोल मांडल्या जातात, जो येतो तो प्रत्येकाचं अभिनंदन करतो, एक कॉफी, एक केकचा तुकडा, आणि मग एकेक जण माझ्याकडे येतो. दीनेके आली. तिनं मला मागं उलटून ऑक्टोबर काढला, बहुधा भावाचं नाव बघायला, आणि तिला तो ठिपका दिसला. माशीची घाण समजून तिनं बोट ओलं करून पुसला. तो गेला नाही, नुसता पसरला, धूमकेतूसारखी शेपटी फुटली त्याला. तेव्हा तिला कळलं की ही पेन्सिल आहे. तिनं सप्टेंबर उलटला. तिथला ठिपका पाहिला. बोटांवर दिवस मोजले. मग मला जसं होतं तसं नीट केलं आणि जरा उगाचच पाणी सोडलं.

बाहेर जाऊन ती कुणाशी काही बोलली नाही. मी कान देऊन होते.

हिवाळाभर ठिपके पडत राहिले. कधी बत्तीस दिवसांनी, कधी सेहेचाळीस. पाळी यायला लागली की आता मूल यायचं, असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. आता प्रत्येक ठिपका म्हणजे 'नाही' असं झालं. ठिपका दिल्यावर योरीन थोडा वेळ तशीच बसायची. रडायची नाही. भिंतीवरच्या फरशा मोजल्यासारखी बघायची आणि उठायची.

एप्रिलमध्ये तिचा वाढदिवस झाला. बर्टुसमामा, म्हणजे दीनेकेचा धाकटा भाऊ, माझ्यावरचे ठिपके मोजून बाहेर गेला आणि गोलात बसता बसता मोठ्यानं म्हणाला, "योरीन, तुमच्या गल्लीत कागदाची गाडी कधी बत्तीस दिवसांनी येते, कधी सेहेचाळीस? नगरपालिकेला पत्र लिही एक."

काहींना कळलं असावं. योरीननं बशी टेबलावर आपटून ठेवलेली मला इथपर्यंत ऐकू आली.

दीनेके म्हणाली, "बर्टुस, तू तिथं कामाला जातोस की वाचायला? मघापासून आम्ही तिघी ताटकळतोय."

सगळे हसले आणि विषय बुडाला. त्या दिवशी जाताना दीनेकेनं सुनेचा हात जरा जास्त वेळ धरला असेल. बोळात दोन माणसांना निरोप घ्यायला जेवढा वेळ लागतो त्याहून त्या दोघी थोड्या जास्त थांबल्या, एवढंच मी सांगू शकते.

उन्हाळ्यात योरीन दाराआडून नवऱ्याला म्हणाली, "मी आता मोजणार नाहीये. डिसेंबरात हॉस्पिटलची तारीख आहे. ते काय ते बघतील."

"मग खोडून टाकू का सगळे? संडासाचा दवाखाना झालाय."

"राहू दे," ती म्हणाली.

मोजायचं नाही ठरवलं तरी हाताची सवय जात नाही. पंधरा सप्टेंबरला तिनं ठिपका दिला. आणि मग ती गोष्ट झाली, जिच्यात माझाच दोष आहे. बारा ऑक्टोबरच्या दुपारी तिला जरासं लाल दिसलं. तिनं पेन्सिल घेतली, भोपळ्याच्या चित्राखाली पाहिलं, तर बारा तारखेला ठिपका आहेच. आपणच सकाळी झोपेत दिला असेल, असं समजून तिनं पेन्सिल कानामागं ठेवली.

तो ठिपका गेल्या वर्षीचा होता. माझ्यावर साल नाही. माझ्याकडे सगळी वर्षं एकाच पानावर राहतात. भिंतीवरच्या दुसऱ्या कुठल्याही कॅलेंडरवर ही चूक झाली नसती. ते जानेवारीत फेकून देतात. मी फेकली जात नाही, म्हणून मी खोटं बोलले.

त्यानंतर पाळी आली नाही. पण अकरा वर्षं तिच्याशिवाय काढलेल्या, आणि नंतर कधी बत्तीस, कधी सेहेचाळीस दिवस पाहिलेल्या बाईला त्यात काही वेगळं वाटलं नाही. पूल दुरुस्तीला निघाला होता, ड्युट्या वाढल्या होत्या. थकवा येतो म्हणाली, तर वाउटर म्हणाला, सुट्टी घे.

नऊ नोव्हेंबर पुन्हा आला, त्या वर्षी रविवारी. पुन्हा खुर्च्या, पुन्हा केक. दीनेके आत आली, कडी लावली, चष्मा लावला. ऑक्टोबर उलटला. बारा तारखेचा शेपटीवाला ठिपका तिनं लगेच ओळखला. स्वतःच्याच बोटाचा होता. त्याच्या मागं पुढं दुसरा नव्हता. सप्टेंबरात पंधराचा ठिपका ठसठशीत, ताजा. नोव्हेंबरात नऊ तारखेपर्यंत काही नाही.

ती बोटांवर मोजू लागली. बोटं संपली की पुन्हा अंगठ्यापासून. शेवटी पुटपुटली, "पंचावन्न. अगं बाई."

ती बराच वेळ उभी राहिली, एक हात भिंतीला टेकून. मग तिनं पिशवी उघडली. शब्दकोडी सोडवायची तिची पेन्सिल असायची, मागं खोडरबर असलेली. तिनं गेल्या वर्षीचा ठिपका खोडला. हलक्या हातानं, हार्मच्या नावाची शाई जाऊ न देता. रबराचे कण फुंकले. म्हणाली, "तिचं तिला दिसू दे. सासूच्या तोंडून कळायची गोष्ट नाही ही."

इतक्या वर्षांत माझ्यासमोर कितीतरी माणसं एकटी बसली आहेत. कुणी नाकात बोट घालतं, कुणी मोबाइलवर जुने फोटो बघतं, कुणी बाहेरच्या गप्पांपासून पाच मिनिटं सुटका म्हणून नुसतं बसून राहतं. पण एकटं असताना असं हसलेलं माणूस मी तेवढं एकच पाहिलं.

ती बाहेर पडली तेव्हा योरीन रिकाम्या बाटल्यांचा क्रेट उचलून बोळातून चालली होती. दीनेकेनं तो तिच्या हातातून काढून घेतला आणि मुलाला हाक मारली. "वाउटर, हा घे. देवानं हात काय खिशात घालायला दिलेत?"

"मा, मी नेते ना," योरीन म्हणाली. "त्यात काय एवढं?"

"तू कॉफी ओत मला. अर्धा कप."

निघताना ती म्हणाली, पुढच्या रविवारी वाटाण्याचं सूप घेऊन येते, मोठ्या पातेल्यात, तुम्ही काही करू नका. गुरुवारी फोन आला.

अंत्यविधी झाला, लोक आले, गेले. वाउटर माझ्यासमोर बसायचा आणि माझ्याकडे पाहायचा नाही. त्यानं बायकोला सांगितलं, आईच्या नावापुढं क्रूस तू काढ, माझ्यानं होणार नाही. बावीस नोव्हेंबरच्या शनिवारी योरीन निळं पेन घेऊन आली. ऑक्टोबर काढला. तीस तारखेकडे जाता जाता तिची नजर बाराला अडली. तिथं हार्म होता, क्रूस होता, आणि पुढं काही नव्हतं.

तिनं पान उजेडाकडे धरलं. सप्टेंबर उलटला. पंधरा. मग ती मोजू लागली, आणि अडुसष्टाला थांबली. पेन हातातून खाली पडलं ते तिनं उचललंही नाही.

दुसऱ्या दिवशी, चाचणी झाल्यावर, ती बोळात नवऱ्याला म्हणाली, "मला वाटत होतं ऑक्टोबरात मी ठिपका दिलाय. दिलाच नव्हता. मला भास झाला असणार."

वाउटर रडायला लागला, आणि ते रडणं कशाचं ते मला दाराआडून कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं. शेवटी एवढंच म्हणाला, "दहा दिवस. आई दहा दिवस थांबली असती तरी पुरे होतं."

डिसेंबरची हॉस्पिटलची तारीख त्यांनी फोन करून रद्द केली. जानेवारीत वाउटरनं स्वतःच क्रूस काढला, जरा वाकडा. बावीस जूनला इडा जन्मली. मूल झालं की आमच्याकडे करतात तसं, टोस्टवर लोणी लावून त्यावर गुलाबी-पांढऱ्या बडीशेपेच्या गोळ्या घालून आल्यागेल्याला दिल्या. महिनाभर माझ्या खालच्या फरशीवर त्या पायाखाली चुरडत होत्या. पोरीला आजीचं नाव ठेवावं असं बर्टुसमामा म्हणाला, पण वाउटर म्हणाला, दिवसातून वीसदा ते नाव माझ्या तोंडून निघणार नाही.

इडा आता दोन वर्षांची आहे. माझा खालचा कोपरा तिनं चावला आहे. माझी दोरी बदलली, वाफेनं पानं फुगली. गेल्या वसंतात योरीननं बसून माझ्यावरचे सगळे ठिपके खोडले. आता बारा तारखेची खोडलेली जागा इतर खोडलेल्या जागांसारखीच दिसते. उजेडात तिरकं धरलं तरी कुणाला काही ओळखू यायचं नाही.

वाउटर दर तीस ऑक्टोबरला माझ्यासमोर थोडा जास्त वेळ बसतो. अजून तेच म्हणतो, हळूच, स्वतःशी: आईला एवढं कळायला हवं होतं. मी त्याच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर असते. मला तोंड नाही. माझ्याकडे फक्त रेघा आहेत, आणि त्यांच्यावर लिहायचं काम माणसांचं.

तुम्ही कधी त्या घरी कॉफीला गेलात, तर दुसरा कप घ्या, जरा थांबा आणि त्याला सांगा. दीनेकेला कळलं होतं. सगळ्यांच्या आधी तिलाच कळलं होतं. हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.