रंगीत गप्पींच्या मुली

हॉल खच्चून भरला होता. व्यासपीठावरच्या काचेच्या टाकीत गप्पी माशाची एक भुरकट मादी आणि तिची पिल्लं, सगळी लाल-निळ्या शेपट्यांची, म्हणजे नर. मत्स्यबाबा माइकवर गरजत होता, "गाभण मादी माझ्या पाण्यात सोडली, बघा! एकही मुलगी नाही! मासोळीला जमतं, मग तुमच्या सुनेला का जमू नये?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाण्याच्या बाटल्या घ्यायला बायकांची झुंबड उडाली.

माझ्या धाकट्या बहिणीनेही सासूच्या धाकाने ते पाणी गरोदरपणात प्यायलं होतं. मुलगीच झाली, पण अंगाची घडण अशी, की मुलगा की मुलगी हे सांगायला डॉक्टरांना तपासण्या कराव्या लागल्या. बाबाचा निवाडा तयारच होता. "आईची श्रद्धा अर्धी, म्हणून मुलगाही अर्धाच उतरला!" सासूने बहिणीला तान्ह्या लेकीसकट माहेरी धाडलं. या बाबाला भर सभेत रडवायचं, हे मी तेव्हाच ठरवलं.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. बाबा भक्तांना बरणीतून एकेक रंगीत नर द्यायचा आणि बजावायचा, "सोबत मादी ठेवू नका, तेज उतरतं." नराला मादीची एवढी धास्ती कशाला? मी ओळखीपाळखीतून बरण्या मिळवल्या आणि प्रत्येक नराला वेगळ्या टाकीत, कधीच नराजवळ न गेलेली एकेक मादी दिली. पिल्लं मोठी होईपर्यंत दातओठ खात थांबले. मग टाक्या टेम्पोत घालून थेट सभेत.

"बाबा, तुमच्या पोरांचा संसार आणलाय. नातवंडं बघा!"

काही टाक्यांतल्या पिल्लांत नर-मादी दोन्ही होते. उरलेल्यांत मात्र सगळ्या भुरकट माद्याच.

"मादीची दृष्ट लागली!" बाबा किंचाळला. मी माइक हिसकावला.

"दृष्ट नाही, गुणसूत्रं. लिंग ठरवणारी जोडी माशांत पुन्हापुन्हा नव्याने घडत आली आहे. गप्पीचे एक्स आणि वाय तर अजून फारसे वेगळेच झालेले नाहीत. म्हणून पाण्यात पुरुषी संप्रेरक मिसळलं, की पोटातलं मादी-पिल्लूही नर होऊन संसार करतं. पण त्याच्याकडे वाय नाहीच, म्हणून त्याला फक्त मुली होतात; खऱ्या नराला दोन्ही. माणसात ही जोडी कोट्यवधी वर्षांपूर्वीच दुरावली. तिथे या औषधाने मुलगा होत नाही, मुलीच्या घडणीत ढवळाढवळ तेवढी होते. आणि तेच औषध प्रयोगशाळेला याच्या बाटलीत सापडलंय!"

एका गरोदर बाईने आपली बाटली बाबाच्या डोक्यावर उपडी केली. मग कोणी कोणाला थांबवलं नाही. पोलिसांनी नेलं तेव्हा तो हुंदके देत होता. मला कणभर दया आली नाही.

भक्तांच्या गर्दीतून बहिणीची सासू पुढे आली आणि चाचरत म्हणाली, "मग मुलगी झाली कशी हो?"

"तुमच्या मुलाकडून एक्स आला म्हणून. वाय असतो फक्त बापाकडे. माझ्या बहिणीकडे तो कधी नव्हताच."



"सुनेला न्यायला येते मी," सासू पुटपुटली.

"आधी माफी मागा. इथेच, माइकवर. परत यायचं की नाही, ते ती ठरवेल."

सासूने मागितली. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल, अशी दोनदा मागायला लावली.

वाचकहो, चमत्कार करणारा ज्या गोष्टीला मनाई करतो, ती आधी करून बघा. प्रयोग करायचाच तर त्याच्या चमत्कारावर करा, पोटातल्या बाळावर नको.