चावा घेतलेलं नाणं

टाकसाळीतून निवृत्त झालेल्या तपासनिसांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही बिघडलेलं नाणं बाहेर गेलं नव्हतं. हे त्यांचं सगळ्यांना सांगून झालं होतं, जावयाला तर लग्न ठरायच्या आधीच.

आणि नेमका त्याच जावयाला बिघडलेली नाणी जमवायचा नाद लागला.

रविवारी सकाळी त्याने मखमलीची डबी सासऱ्यांपुढे ठेवली. आतल्या नाण्याचा कुणीतरी बिस्किटासारखा चावा घेतला होता.

"आमच्या मंडळाचं प्रदर्शन आहे, बाबा. हे टाकसाळीतच बिघडलंय की कुणी घरी बसून कानस मारलीय, एवढं लिहून द्या."

तपासनिसांनी नाण्यावरचं साल वाचलं. त्या साली ही नाणी तपासणारं टेबल एकच होतं आणि त्यावर ते स्वतः बसत.

"कानस आहे," ते म्हणाले.

"नीट पाहिलंसुद्धा नाहीत," मटार सोलता सोलता मुलगी म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "तरी सांगत होते. तुला कुणीही टोपी घालतं."

जावई डबीच्या झाकणाची तेवढी उघडझाप करत बसला. ते काही तपासनिसांना बघवेना. त्यांनी भिंग काढलं.

धातूच्या पट्टीतून चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर पुढची चकती आधीच्या भोकावर कापली जाते आणि तिचा एक घास जातो. तिच्यावर ठसा मारला की चाव्याच्या बरोबर समोरची कड नीट उठत नाही. कानस मारणाऱ्याला हे ठाऊक नसतं. त्याच्या नाण्याची समोरची कड ठसठशीत राहते.

इथे समोरची कड पुसट होती. त्यांनी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. पुसटच.

तपासनिसांना काही सुधरेना. असली हजारो नाणी त्यांनी वितळवायच्या टोपल्यात फेकली होती, त्याबद्दल कुणी चहा पाजला नव्हता. धडधाकट पाठवलेली नाणी लोकांच्या खिशात झिजून गेली. आणि एक हातून सुटलं, तर त्याला मखमल. मग आपण इतकी वर्षं नेमकं काय करत होतो?

"बाबा, राहू द्या," जावई म्हणाला.

"थांबा." त्यांनी कागद ओढला. 'नाणे अस्सल आहे' असं लिहिलं. जरा वेळ पेन तसंच धरून बसले आणि मग खाली लिहिलं, 'माझ्याच टेबलावरून गेले.' सही केली. आता काय ऐकावं लागणार म्हणून खिडकीबाहेर पाहू लागले.

जावयाने कागद वाचला. "म्हणजे हे तुम्ही सोडलंत?"

"सुटलं."

"अहो, ज्यांच्या हातून सुटलं त्यांचीच सही! मंडळ तुम्हाला व्यासपीठावर बसवणार."

"कशाबद्दल?"

"याबद्दलच."

"इतकी वर्षं आम्हाला पत्ता लागू दिला नाहीत ना," मुलगी म्हणाली, जणू त्यांनी एखादं पदकच लपवून ठेवलं होतं, अशी रुसून.

जावयाने वही उघडली. "आणखी किती सोडलीत, बाबा?"

"असतील चार-दोन," तपासनीस म्हणाले, आणि हे आपण कबूल केलं की मिरवलं, हे त्यांना जेवणं उरकेपर्यंत कळलं नाही.