ऊन बाधतं म्हणे

तिसऱ्या पायरीच्या कडेला उडालेला टवका... असेल वाटाण्याएवढा, पण द्रौपदाबाईंची नजर काही त्याच्यावरून हलेना. हातात पाण्याचा वाडगा, एक पाय जमिनीवर, एक पहिल्या पायरीवर. वर गच्चीत सून दीपमाला खाटेवर जुनं धोतर अंथरून कधीची खोळंबलीय — ज्वारीचे पापडासारखे बिबडे थापायचे ते गरम घाट्याचेच, शिजवलेला घाटा गार झाला की संपलं, हे काय त्यांना कुणी शिकवायला हवं? अख्ख्या देवपुरात त्यांच्यासारखा पातळ बिबडा कुणाला थापता येत नाही, असं त्यांचं स्वतःचं मत होतं, आणि ते खरंही होतं.

तो टवका त्यांनीच पाडलेला. नव्या घरातला पहिलाच उन्हाळा, खाट एकटीनं डोक्यावर घेऊन निघाल्या आणि खाटेचा पाय आपटला — मागून नवरा ओरडला, पडशील ना! तर ह्या खिदळत म्हणाल्या, ‘‘पडसू ते पडसू, जमीन काय परकी शे?’’ काय तो तोरा! काय ते पाय होते...

परवा न्हाणीत तीच जमीन परकी झाली. साबणाच्या पाण्यावरून पाय सटकला, कोपर बादलीवर आदळलं. घरात कुणाला पत्ता नाही. काळानिळा डाग पदराखाली झाकला की झालं. कळलं असतं तर गच्ची बंद, भाजीबाजार बंद, दिवसभर पलंगावर बसा फळीवरच्या भांड्यासारखं. डाग काय, जाईल. पण हा मेला पाय — पुढे टाकायच्या आधी थांबतो, विचारात पडतो.

‘‘आई, येताय ना? घाटा गार होतोय!’’

येतेय, म्हणायचं होतं. पण नजर पहिल्या पायरीवर गेली. सासू मंजुळाबाई इथेच बसायच्या, ह्याच पायरीवर. एका उन्हाळ्यात अचानक वर यायच्याच बंद झाल्या. ‘‘माले ऊन बाधस वं बाई.’’ ऐन वैशाखात मळ्यात राबलेली बाई, आणि तिला ऊन बाधतं! वर बायकांची नुसती हसून मुरकुंडी, आणि द्रौपदाबाईंचा आवाज सगळ्यांत वरचा — म्हातारीला मेलं सोंग सुचतं. मग त्यातल्या त्यात सुकलेला एखादा बिबडा खाली नेऊन द्यायचा, तो त्या मन लावून खात. एका हातानं. दुसरा हात भिंतीला. खातानाही भिंत सोडत नसत त्या... अगबाई.

द्रौपदाबाईंनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो भिंतीला होता. केव्हा गेला तिकडे, त्यांना ठाऊक नाही.

‘‘आई? बरं नाही का वाटत?’’

‘‘ऊन...’’ शब्द आपसूक ओठांवर आला, आणि त्या दचकल्या. वाडगा खाली ठेवला. हळूच पायरीवर टेकल्या, अगदी तिथेच. पाठीला भिंत गार लागली.

‘‘आत्याबाई,’’ त्या गेलेल्या सासूला अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘‘तुम्हले बी भ्याव वाटे ना?’’

परवापासून पहिल्यांदाच त्यांना त्या जिन्यात एकटं वाटेना. वर दीपमालाची चप्पल वाजली, ती खाली यायला निघाली होती. तिला ऊन सांगायचं की पाय, हे अजून ठरत नव्हतं.

पदर मात्र त्यांनी कोपरावरून थोडा सरकू दिला.