कै. अर्जुनराव

आप्पा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर दोन महिन्यांत आमच्या छपाईच्या दुकानातला जुना कॉम्प्युटरही अर्ध्या कामात बंद पडू लागला. पाटोदा तालुक्यातल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका त्याच्यावर तयार झाल्या होत्या. नवीन मशीन घेणं भाग होतं. विंडोजचं घ्यायचं की मॅक, हे आता मी ठरवायचं होतं.

अठरा वर्षं आप्पांच्या हाताखाली काम केलेला प्रविण मॅकच घ्या म्हणत होता. रंग चोख उतरतात, व्हायरसची कटकट नाही, असं त्याने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मला संशय आला. आप्पांचं पत्रिकांचं सॉफ्टवेअर आणि त्यातला मराठी फॉन्ट फक्त विंडोजसाठी होता. मॅक घेतला की जुन्या फायली गेल्यातच जमा. त्यांत आप्पांनी घराघराची नोंद ठेवली होती: कोणाचं नाव आधी घ्यायचं, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, कोणाला 'साहेब' लावायचं. त्या नोंदींवरच तर गिऱ्हाईक टिकून होतं.

शिवाय प्रविणवरून माझं मन सहा वर्षांपूर्वीच उडालं होतं. अर्जुनरावांच्या नातीच्या पत्रिकेत, चांगल्या हिंडत्याफिरत्या अर्जुनरावांच्या नावाआधी 'कै.' छापून आलं. पत्रिका वाटून झाल्यावर ते दुकानात आले. “आमी कधी गेलतो, तेवढी तारीखबी छापायची हुती,” म्हणाले. पुन्हा ते दुकानाची पायरी चढले नाहीत. प्रविणने मान खाली घालून चूक कबूल केली. आप्पा त्याला एका शब्दानेही बोलले नाहीत. तो मला त्यांचा मोठेपणा वाटला होता.

प्रविणला घेऊन बीडला मॅक बघायला जाताना मी मुद्दाम अर्जुनरावांच्या घरची नोंद, उघडून न बघताच, पेन ड्राइव्हवर घेतली. तिथल्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला उघडला. दुकानदार हसला. प्रविण मात्र तो सरळ वाचू लागला. कोणत्या इंग्रजी अक्षरामागे कोणतं मराठी अक्षर आहे, हे त्याला पाठ होतं. आजोबांचं नाव आधी, मग चुलते, मामांशी बोलणं बंद, व्याह्यांना 'माननीय'. मग तो थांबला.

“संपलं?”

“संपलं, ताई. जुनं कावून वढत बसायचं? नवं सुरू करू.”

ओळी पाच होत्या. त्याने चार वाचल्या होत्या.

पाटोद्याला परतल्यावर तो जेवायला घरी गेला. जुना कॉम्प्युटर दोनदा बंद पडला. तिसऱ्यांदा फाइल उघडली. पाचव्या ओळीत आप्पांनी लिहिलं होतं: 'कै. माझ्या हातून लागलं. प्रविणने अंगावर घेतलं. मी घेऊ दिलं.'

तो आल्यावर मी सांगितलं, विंडोजचंच घेऊ.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. “वाचलं व्हय तुमी?”

“हो.”

“तेवढंच एक तुमच्या नजरंला पडू नये वाटत हुतं.”

नवीन मशीनवर पुढे त्याने आप्पांच्या पुण्यस्मरणाचं कार्ड केलं. नावाआधी 'कै.'ऐवजी आम्हा लिंगायतांतलं 'लिंगैक्य' लावलं आणि तपासायला मला हाक मारली.

मी म्हटलं, तूच बघ.